बॅग रिकामी, हात तयार!

ना पेनिसिलिन, ना सल्फा, ना सलाइन. तरीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परळमधून जनावरांचे डॉक्टर शिकून बाहेर पडत होते. ते शिकत तरी काय होते? पेण-रोह्याच्या पावसात इंटर्नशिप करताना या प्रश्नाचं उत्तर थोडं थोडं हाती लागत गेलं.

मी व्हेट आहे म्हटलं की पार्टीत पहिला प्रश्न ठरलेला. "वॉव, म्हणजे दिवसभर पपीज?" दुसराही ठरलेला. "आमच्या ब्रूनोला खाज सुटलीय गं, काय देऊ?" मी ब्रूनोला बघितलेलं नसतं, त्याला हात लावलेला नसतो, तो काय खातो हेही मला माहीत नसतं. पण औषधाचं नाव मात्र लगेच हवं असतं, तेही व्हॉट्सअॅपवर! यात कुणाला दोष नाही. आपल्या पिढीचं एकूण गणितच असं आहे. डोकं दुखलं, गोळी. ताप आला, गोळी. आजार म्हणजे काय, तर एक लॉक आणि औषध म्हणजे त्याची चावी.

आता समजा, चावीच नसेल तर?

ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. मी ज्या कॉलेजात शिकले तिथल्या पहिल्या पन्नासेक बॅचेसनी अशाच परिस्थितीत अभ्यास केला, परीक्षा दिल्या, आणि मग तालुक्याच्या गावी जाऊन बैल, म्हशी, घोडे तपासले. आम्ही हॉस्टेलवर फार्माकॉलॉजीचे ठोकळे पाठ करत रात्री जागवायचो तेव्हा मला नेहमी वाटायचं, यार, त्यांचं किती बरं होतं, औषधंच नव्हती! पेण आणि रोह्यात काही आठवडे काढल्यावर कळलं, की त्यांचा अभ्यास आमच्यापेक्षा सोपा नव्हता. वेगळा होता. आणि त्यातला बराचसा अजून जुना झालेला नाही.

घोड्यांवर चालणारी मुंबई

परळचं आमचं कॉलेज सुरू झालं १८८६ मध्ये. त्याच्या आधी काही वर्षं शेजारी प्राण्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं होतं. दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या मदतीतून उभ्या राहिलेल्या या हॉस्पिटलला त्यांच्या पत्नी साकरबाईंचं नाव मिळालं. कागदोपत्री ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. परळच्या टॅक्सीवाल्याला मात्र आजही 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हटलं की बरोबर कळतं!

हे नाव उगाच पडलेलं नाही. त्या काळातली मुंबई डोळ्यांसमोर आणा. कॅब सोडा, विजेची ट्रामसुद्धा नाही. १८७४ मध्ये ट्राम सुरू झाली ती घोड्यांची, आणि १९०५ पर्यंत घोडेच ती ओढत होते. विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. शहरातला माल वाहायला बैलगाड्या, साहेबांना फिरायला बग्ग्या. थोडक्यात, शहराचं अख्खं ट्रान्सपोर्ट चार पायांवर! घोडा लंगडला की ट्राम थांबली, बैल बसला की गोदीतला माल अडला. व्हेट म्हणजे तेव्हा जवळपास ट्रॅफिक खात्याचाच माणूस.

कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल होते जॉन हेन्री स्टील. ब्रिटिश फौजेतले व्हेट. मुंबईला येण्याआधी, १८८५ मध्ये, त्यांनी ब्रह्मदेशात फौजेच्या खेचरांना होणाऱ्या 'सर्रा' नावाच्या आजाराचा अभ्यास केला होता. या आजारात रक्तामध्ये एक परजीवी वळवळतो. तो पंजाबात ग्रिफिथ इव्हान्स या दुसऱ्या फौजी व्हेटने १८८० मध्येच मायक्रोस्कोपखाली पकडला होता. म्हणजे बघा, गुन्हेगार सापडला होता, त्याचा चेहराही दिसत होता. पण त्याला मारणारं खात्रीचं औषध हाती यायला आणखी तीसेक वर्षं लागणार होती. स्टील यांचं १८९१ मध्ये निधन झालं, चाळिशी गाठण्याआधीच. त्यांच्या नावाचं पदक पुढे इंग्लंडमधल्या व्हेट मंडळींनी सुरू केलं.

आजार दिसतो, समजतो, पण बरा करता येत नाही. त्या काळातल्या व्हेट स्टुडंटचं रोजचं आयुष्य हे असं होतं.

कपाटात काय होतं?

तीन वर्षांचा कोर्स, आणि पास झालं की 'जीबीव्हीसी', म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ द बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज. औषधं होती, नव्हती असं नाही. पण यादी बघा. पोट साफ करायला एप्सम सॉल्ट आणि जवसाचं तेल. पोटफुगीला टर्पेंटाइन. जखमेला टिंक्चर आयोडीन, कार्बोलिक, पोटॅशियम परमँगनेट, मोरचूद. शिवाय कापूर, हिंग, सुंठ. ऑपरेशनसाठी क्लोरोफॉर्म किंवा क्लोरल हायड्रेट. आजीच्या बटव्यात आणि या कपाटात फरक होता, पण आपल्याला वाटतो तेवढा मोठा नव्हता.

जंतूंवर थेट चालून जाणारं औषध यात एकही नाही. सल्फा औषधं आली १९३० च्या दशकात. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, पण ते भरपूर मिळू लागलं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली १९५४ मध्ये. तोवर घटसर्प झालेला बैल समोर आला की डॉक्टरच्या हातात फार काही नसायचं.

मग शिकायचं काय? शरीर. हाडं, सांधे, खूर, दात. दातांवरून वय सांगायचं. पावलाच्या आवाजावरून लंगडणारा पाय ओळखायचा. नालबंदी शिकायची, कारण चुकीचा ठोकलेला नाल घोड्याला कायमचा बसवू शकतो. आणि जनावर पाडायला शिकायचं. चारशे किलोच्या म्हशीला आडवं करायला ताकद लागते असं तुम्हाला वाटेल. लागतो एक लांब दोर. मानेत सैल फास, मग पुढच्या पायांमागून छातीभोवती एक वेढा, कासेच्या पुढे पोटाभोवती दुसरा, आणि मागून सरळ ओढ. दोन्ही वेढे आवळले की म्हैस आपणहून गुडघे टेकते आणि अलगद बसते. ही पद्धत आम्हालाही शिकवली, त्याच वर्गांमध्ये. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या!

पाच मिनिटं बॅग बंद

आता पेण-रोह्याकडे येऊ. पेण म्हटलं की तुम्हाला गणपती आठवतात, पोह्याचे पापड आठवतात, नाहीतर अलिबागला जाताना वडखळच्या ट्रॅफिकमध्ये वाया गेलेला वीकेण्डचा एक तास. रोहा तालुका म्हणजे कोलाडचं राफ्टिंग. खरं तर हा सगळा भाताचा मुलूख. पेणच्या पश्चिमेला खारेपाट. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं आणि मागच्या जमिनीत भात लावायचा. रोह्याकडे कुंडलिकेचं खोरं आणि डोंगर. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रेल्वे इथे पोचली ती १९८० च्या दशकात. त्याआधी मुंबई गाठायची तर धरमतरच्या खाडीतून बोट. शंभर वर्षांपूर्वी इकडचा एखादा मुलगा परळला शिकायला गेला असेल, तर त्याचं हॉस्टेल लाइफ बोटीत ट्रंक चढवण्यापासून सुरू झालं असणार.

मी इंटर्न म्हणून गेले ती २०२२ च्या पावसाळ्यात. सरकारी दवाखाना, एक मोटरसायकल, एक जीप, आणि औषधांची भली मोठी बॅग. मला जाम उत्साह. गोठ्यात शिरले रे शिरले की बॅगेची चेन उघडायची! तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नियम घातला. "पहिली पाच मिनिटं बॅग बंद. नुसतं बघायचं."

बघायचं म्हणजे काय? गाय उभी कशी आहे, मान कुठे आहे, कान कसे आहेत. नाकपुडी ओलसर आहे का कोरडी. रवंथ चालू आहे का, आणि एका घासाला साधारण किती वेळा चावते. निरोगी गाय एक घास पन्नास-साठ वेळा चावते, हे मोजायला घड्याळ पुरतं. शेण कसं पडलंय. मग हात. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला नाडी लागते. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खड्ड्यात, मूठ दाबून ठेवायची. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा पोटाची लाट मुठीला ढकलते. ढकलली नाही, तर पोट थांबलंय. भकाळी ढोलासारखी ताणून वाजत असेल, तर पोटफुगी. मग नाक. दुधाळ गाईच्या श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर तिचं साखरेचं गणित बिघडलंय. आणि थर्मामीटर. गाईचं नॉर्मल तापमान साधारण १०१.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने तिला कायमच ताप!

यातल्या एकाही गोष्टीला वीज लागत नाही, औषध लागत नाही. १९०० सालच्या स्टुडंटकडे हे सगळं होतं. माझ्याकडेही होतं, पण बॅगेच्या वजनाखाली दबलेलं.

गावातल्या बोलण्यातही किती डायग्नोसिस भरलेलं असतं, हेही तिथेच कळलं. आम्ही लॅटिन नावं पाठ केलेली. शेतकरी म्हणतो 'फऱ्या', कारण जनावराचा फरा सुजतो. सुजेवर दाबलं की आत वायू भरल्यामुळे चरचर आवाज येतो. 'लाळ्या-खुरकत' म्हणजे तोंडातून लाळ आणि खुरात जखमा, अख्खं लक्षण नावातच. 'घटसर्प' म्हणजे घसा सुजतो, श्वास घोरल्यासारखा होतो, आणि चोवीस तासांत खेळ संपू शकतो. आणि माझं फेव्हरिट नाव, 'तिवा'. जनावराला सणकून ताप, अंग आखडतं, उठवत नाही. पण बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी ते आपोआप उभं राहतं. तीन दिवस थांबा, सावलीत ठेवा, पाणी पाजा, हे सगळं त्या दोन अक्षरांत! त्या काळातल्या डॉक्टरला तिवा ओळखता आला, तर निम्मं काम झालं. उगाच काही ओतायचं नाही, हेसुद्धा ट्रीटमेंटच.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. सुजेवर तापलेल्या सळईने डागणं हा उपाय नव्हता, क्रूरपणा होता आणि आहे. बांबूच्या नळकांड्यातून औषध पाजताना मान फार वर धरली की ते फुप्फुसात उतरतं आणि जनावर न्यूमोनियाने जातं. परळमधलं शिक्षण या गोष्टींच्याही विरोधात होतं. काय करायचं नाही हे कळणं, ही त्या अभ्यासक्रमातली मोठी कमाई होती. फाशी रोगाने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेल्याची शंका असेल तर ते जनावर कापून बघायचं नाही. खोल खड्डा, चुना, आणि पुरून टाकायचं. कारण ते जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसालाही धरतात. न उघडलेला एक मृतदेह म्हणजे वाचलेला अख्खा गोठा.

खारेपाटातली संध्याकाळ

ऑगस्टमधली एक संध्याकाळ. पेणच्या खारेपाटातलं गाव, लाइट गेलेली, पाऊस तुफान. म्हैस दुपारपासून अडली होती. पाणमोट फुटून बराच वेळ झाला होता. रेडकाचे पुढचे दोन पाय बाहेर दिसत होते, पण नाक नव्हतं. पाय आहेत आणि तोंड नाही, म्हणजे मान आत मुरडलेली. अशा वेळी पाय धरून ओढलं तर रेडकू तर जातंच, म्हैसही फाटते. घरातले तेच करायच्या बेतात होते.

डॉक्टरांचा दंड पैलवानी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा हात बारीक आहे. तू घाल." बॅगेत तेव्हा काय नव्हतं? तीन प्रकारची अँटिबायोटिक्स, कॅल्शियम, पेनकिलर, सलाइन. त्यातलं एकही त्या क्षणी उपयोगाचं नव्हतं. लागल्या त्या तीन गोष्टी. साबणाचं पाणी, गोडं तेल आणि दोन सुती दोऱ्या.

डोळे मिटले, कारण उघडे ठेवून तरी काय दिसणार होतं? आत बोटांना गुडघा लागला, मग छाती, मग डावीकडे वळलेली मान. कळ आली की थांबायचं, नाहीतर हात चेंगरतो. कळ ओसरली की रेडकाला छातीवर दाबून आत ढकलायचं, जागा करायची. बाहेर काढायचं असेल तर आधी आत ढकला, हा धडा आयुष्यात इतरत्रही कामाला येईल बहुतेक! तळव्यात त्याचं नाक झाकून घ्यायचं, म्हणजे दात गर्भाशयाला लागणार नाहीत, आणि मान हळूहळू वळवून सरळ करायची. चाळीसेक मिनिटं गेली असतील. मग दोऱ्या पायांना, घरातले दोघे ओढायला, आणि म्हैस कळ देईल तेव्हाच, किंचित खालच्या दिशेने ओढ.

रेडकू मेलेलं होतं. ते बहुधा आम्ही पोचायच्या आधीच गेलं होतं. म्हैस तासाभराने उभी राहिली आणि गुळाचं कोमट पाणी प्यायली. त्या म्हशीवर बचत गटाचं कर्ज होतं. आजी कंदील घेऊन पूर्ण वेळ शेजारी उभी होती. मला म्हणाली, "हात ल्हान हाय तुजा, पन शाना हाय गो."

पण खरी गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. त्यानंतर आम्ही बॅग उघडली, आणि अँटिबायोटिकचा कोर्स दिला. कारण इतका वेळ हात आत गेल्यावर गर्भाशयात पू होण्याची भीती असते. १९०० सालच्या डॉक्टरने इथवर सगळं माझ्यासारखंच, कदाचित जास्त सफाईने केलं असतं. त्यानंतर मात्र तो घरी जाऊन चार दिवस वाट बघत बसला असता. हातात जेवढं होतं तेवढं तो पुरेपूर शिकला होता. आणि जिथे हात संपतात तिथे औषध सुरू होतं, हे मला त्या रात्री नीट समजलं.

सायकलचा पंप आणि दुधाळ गाय

औषध नसताना माणसं किती भन्नाट डोकं लढवतात, याचा एक किस्सा प्रत्येक व्हेटला माहीत असतो. भरपूर दूध देणारी गाय व्याली की एक-दोन दिवसांत अचानक खाली बसते, मान कुशीकडे वळवते, अंग गार पडतं आणि ती मरते. नाव 'मिल्क फीवर', पण ताप नसतोच! एकेकाळी अशा निम्म्याहून जास्त गाई दगावायच्या.

१८९७ मध्ये डेन्मार्कमधल्या कोल्डिंग गावातल्या युर्गेन श्मिट या व्हेटने ठरवलं, की कासेत काहीतरी विष तयार होत असणार. म्हणून त्याने सडांमधून कासेत पोटॅशियम आयोडाइड सोडलं. गाई उठू लागल्या! मग इतरांना कळलं, की औषधाची गरजच नाही. नुसती हवा भरली तरी गाय उठते. पंपाने कास फुगवायची, सडांना फीत बांधायची, आणि काही तासांत मरायला टेकलेली गाय उठून वैरण खायला लागायची.

विषाची थिअरी साफ चुकीची होती. खरं कारण १९२५ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी मांडलं. दूध तयार करताना गाईच्या रक्तातलं कॅल्शियम झपाट्याने कमी होतं. कास हवेने ताणली की दूध बनणं थांबतं आणि कॅल्शियमची गळतीही थांबते. आज आम्ही शिरेतून कॅल्शियम देतो आणि गाय डोळ्यांसमोर उठते. पण त्या मधल्या पाव शतकात हजारो गाई हवेने वाचवल्या. का बरं होतं हे माहीत नव्हतं, पण काय केल्यावर बरं होतं हे कुणीतरी नीट बघून, लिहून ठेवलं होतं.

बुळकांडी ते लम्पी

काही आजारांपुढे मात्र हात, डोळे, पंप, काही चालायचं नाही. त्यात सगळ्यात भयानक बुळकांडी. ताप, तोंडात फोड, मग पाण्यासारखे जुलाब आणि आठवडा-दहा दिवसांत गोठे रिकामे. इंग्रज सरकारने तिच्यावर नेमलेल्या आयोगाचा रिपोर्ट आला १८७१ मध्ये. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा निघाली. पण असा संसर्गजन्य आजार शहराजवळ सांभाळणं धोक्याचं, म्हणून ती १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. १८९७ मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख तिथे येऊन गेले. १९२० च्या दशकात तिथेच जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये वाढवून सौम्य केला आणि त्यातून लस निघाली. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये देशभर मोहीम काढली. देशातली शेवटची केस १९९५ ची. आणि २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच आजार. गंमत म्हणजे, बुळकांडीवर गुणकारी औषध शेवटपर्यंत सापडलंच नाही. ती हरली लसीने, आणि आजारी जनावर वेळेत ओळखून वेगळं बांधणाऱ्या माणसांमुळे.

हे मला इतिहासातलं वाटायचं. पण २०२२ च्याच पावसाळ्यात महाराष्ट्रात लम्पी पसरला. अंगभर गाठी, ताप, सुजलेले पाय, आणि विषाणूवर थेट औषध शून्य! गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. आम्हा इंटर्न्सना गावोगाव लसीकरणाला जुंपलं, आणि लस होती शेळ्यांच्या देवीची. पुन्हा शेळ्याच मदतीला धावल्या. दिवसभर डोकं एकाच कामात. गाठ आहे का बघ, ताप मोज, वेगळं बांधायला सांग, माश्या-गोचीड आवर, जखमा धुऊन घे, पुढच्या गोठ्यात जाण्याआधी हात धू. परळच्या सुरुवातीच्या बॅचेसमधला एखादा विद्यार्थी शेजारी येऊन उभा राहिला असता, तर त्याला काही वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. फक्त सिरिंज प्लॅस्टिकची कशी, एवढंच त्याने विचारलं असतं!

चावी झिजते तेव्हा

मग औषधं आली आणि चित्र पालटलं, हे शंभर टक्के खरं. पण दोन गोष्टी तुमच्या-माझ्यापर्यंत येऊन पोचल्यात.

पहिली, गिधाडांची. डायक्लोफिनॅक हे पेनकिलर स्वस्त, झटपट काम करणारं. गाय लंगडली, दे. म्हैस बसली, दे. त्या जनावराचं मढं गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. १९९० च्या दशकापासून भारतातली गिधाडं अक्षरशः नाहीशी झाली. कारण उलगडलं २००४ मध्ये, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. २०२३ मध्ये असिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवरही आली. आपल्या रायगडातच म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडं जगवण्याचं काम चालतं. एका इंजेक्शनची किंमत आकाशातल्या पक्ष्याने मोजली!

दुसरी, अँटिबायोटिक्सची. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं, की अर्धवट डोस दिला तर जंतू पेनिसिलिनला सरावतील. तेच झालं. गरज नसताना दिलेलं प्रत्येक इंजेक्शन त्या चावीचे दात थोडे झिजवतं, आणि जनावरांचे जंतू, माणसांचे जंतू असा भेद चावीला कळत नाही. म्हणूनच माणसांसाठी शेवटचा उपाय मानलं जाणारं कोलिस्टिन २०१९ मध्ये कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या वापरातून बंद केलं गेलं. अँटिबायोटिक दिलेल्या गाईचं दूध ठरावीक दिवस विकायचं नसतं. हा नियम गोठ्यात पाळला गेला नाही, तर त्याचा अंश सकाळी तुमच्या कॉफीत येतो.

तिव्याच्या गाईला तीन दिवस अँटिबायोटिक टोचणारा डॉक्टर आणि "तिवा आहे, थांबा" म्हणणारा डॉक्टर, यांच्यात फरक औषधांच्या ज्ञानाचा नाही. तो त्या पाच मिनिटांचा आहे. औषधं नव्हती तेव्हाचं शिक्षण आज लागतं ते यासाठी, की हातातली औषधं पुढच्या पिढीपर्यंत उरावीत.

आता तुमचा होमवर्क

तुम्ही गोठ्यात जाणार नाही, मान्य. पण घरात ब्रूनो असेल तर त्याच्यासाठी पाच मिनिटं काढाच, तो ठणठणीत असताना. तो शांत झोपलेला असताना छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा. साधारण तीसच्या आत हवी. ओठ उचलून हिरडी बघा, गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. पाणी किती पितो, शी कशी करतो, हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. आजारी पडल्यावर व्हेटला औषधाचं नाव विचारण्याआधी हे सांगा. निम्मं डायग्नोसिस तुम्हीच केलेलं असेल.

तुमच्या डब्यातली पेनकिलर त्याला देऊ नका. मांजराला पॅरासिटामॉल तर कधीच नाही, अर्धी गोळीही तिचा जीव घेऊ शकते. अँटिबायोटिक लिहून दिलं तर कोर्स पूर्ण करा. आणि दिलं नाही, तर फी वाया गेली असं समजू नका.

आणि एक. तुमचा व्हेट टेबलावरच्या ब्रूनोकडे नुसता बघत उभा असेल, काही बोलत नसेल, बॅगेला हातही लावत नसेल, तर घड्याळाकडे बघू नका. त्याचं काम सुरू झालेलं आहे.